यादीत नसलेलं नाव

इब्राहिम,

तुझ्याशी मी जन्मभर मालवणीत बोललो आणि आता लिहायला बसलोय तर शाळेतलं मराठी येतंय. तू असतास तर म्हणाला असतास, कोर्टात उभा राहिल्यासारखा काय बोलतोस. पण आपली बोली समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायची असते. समोर तू नाहीस, तेव्हा हे चालवून घे.

तुला माती देऊन आठवडा झाला. दुकान मी दुसऱ्या दिवशीच उघडलं. बंद ठेवून करणार काय? गिऱ्हाईक येतं, मी कापड मोजतो, फाडतो, घडी करून देतो. फक्त कणकवलीची लॉरी पेठेत शिरली आणि तिचा हॉर्न ऐकू आला की मान आपोआप वर होते. मग आठवतं, आणि मी पुन्हा कापडात डोकं घालतो.

लोक येतात, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलतात. माणूस चांगला होता, पण दिवाळं निघालं बिचाऱ्याचं, असं म्हणतात. तुझ्या सगळ्या आयुष्यातलं हे एवढं एकच गावाने लक्षात ठेवलंय. मला त्याच्या अलीकडचंही आठवतं आणि पलीकडचंही.

सफर संपवून तू बंदरात उतरलास की घरी जायच्या आधी माझ्या दुकानात यायचास. खतिजाभाभी त्यावरून माझ्याशी भांडायची. तिचा नवरा मी पळवला म्हणायची. अंगाला डांबराचा आणि काथ्याचा वास, पाय अजून गलबतावरच असल्यासारखे फाकलेले. कपडे खारट झालेले असायचे म्हणून गादीवर बसायचा नाहीस. उंबऱ्यावर टेकून मंगळूरच्या, कालिकतच्या गजाली सांगायचास. अर्ध्या खोट्या असायच्या. मी हटकलं तर म्हणायचास, मग एकदा तूच ये आणि बघ. मालवणात जन्मून मी दर्याला भिणारा. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच मला त्या गजाली सांगायला तुला आवडायचं.

एकदाच आलो. तुझ्या बापाचं गलबत जुनं झालं, तळातून पाणी घ्यायला लागलं, तेव्हा तू नवं बांधायला काढलंस. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. मुंबईला घरं उभी राहत होती, मंगळुरी कौलांना मागणी होती आणि माल उचलायला गलबतं पुरत नव्हती. वेंगुर्ल्याच्या सावकाराने तुला घरी बोलावून पैसे दिले. आचऱ्याच्या खाडीकाठी, माडांच्या सावलीत, सुतारांनी वर्षभर काम केलं. शिडाचं कापड मी मुंबईहून मागवून दिलं. पैसे पुढच्या हंगामात, म्हणालास. मी बरं म्हटलं आणि विसरलो. तू विसरला नाहीस, पण ते मला फार पुढे कळलं.

नवी शिडं चढवून आचऱ्याहून गलबत मालवणात आणायचं होतं. त्या दिवशी तू मला हाताला धरून वर ओढलंस. तोंडवलीसमोर आलो तेव्हा वारा भरला, शिडं ताठ झाली आणि मी कठड्याला धरून ओकायला लागलो. तुझा खलाशी बुधाजी माझी पाठ चोळत होता आणि हसत होता. तू सुकाणूवरून ओरडलास, "सख्या, तुझ्या कापडाक वारो सोसता, तुका सोसणा नाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यातून मी तुझ्याकडे बघितलं. इतका सुखी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. त्यानंतर तूही तसा दिसला नाहीस.

लोकांना वाटतं, दिवाळं म्हणजे एका दिवशी काहीतरी कोसळतं. गलबत बुडालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. माणसं हळहळली असती, सावकारानेही थोडी कळ सोसली असती. तुझं गलबत बुडालं नाही. ते बंदरात नांगरून उभं राहिलं, चांगलं धडधाकट, मालाची वाट बघत. आधी आठवडाभर, मग पंधरवडा, मग महिना. तिकडे रस्ते होत होते, नद्यांवर पूल होत होते. जो माल तू वारा बघून, भरती बघून न्यायचास, तो लॉरीवाले सांगितल्या दिवशी पोचवायला लागले. कौलांच्या एजंटाने तुला चहा पाजला आणि सांगितलं की भाडं अर्ध्यावर आणलंस तर माल देतो. तू अर्ध्यावर आणलंस, आणि त्याच्याकडून आगाऊ उचलही घेतलीस.

त्या भाड्यात खलाशांचा पगार सुटायचा, व्याज सुटायचं नाही. व्याज देणं हेच मुळात तुला टोचायचं. तुझ्या धर्मात ते बसत नाही, हे तू मला सावकाराची पहिली पायरी चढतानाच सांगितलं होतंस. मग ते व्याज भागवायला तू नारळाच्या व्यापाऱ्याकडून घेतलंस. त्याचं द्यायला घर गहाण ठेवलंस. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढली की खलाशांना घर चालवायला उचल द्यावी लागते. ती द्यायला माझ्याकडून घेतलीस. तोंडवलीच्या राघोबाकडून दोर उधारीवर आणलेस, तो तर स्वतः हाताने काथ्या वळणारा माणूस. प्रत्येक वेळी तू खरंच मानत होतास की पुढचा हंगाम आला की हे सगळं निस्तरेल. खोटं तू कोणाशी बोलला नाहीस. आधी तुझा स्वतःचा विश्वास बसायचा आणि मग त्या विश्वासावर समोरचा पैसे द्यायचा.

मी तुला म्हटलं होतं, गलबत वीक. अजून किंमत येईल. त्यावरून आपण किती भांडलो. तू म्हणायचास, बुधाजी आणि बाकीचे जातील कुठे. मी म्हणायचो, तू बुडालास तर ते कुठे जाणार आहेत. एकदा तू चिडून म्हणालास की कापडवाल्याला गलबत म्हणजे नुसतं लाकूड वाटतं. मग दोन दिवस आला नाहीस. तिसऱ्या दिवशी आलास, उंबऱ्यावर बसलास आणि जसं काही झालंच नाही तसं बोलायला लागलास. ते भांडण मला आता हवंसं वाटतं. त्यात तू परत तरी यायचास.

सावकाराने दावा लावला, हुकूमनामा मिळवला. एका शुक्रवारी तू नमाजाहून बाहेर पडलास तर मशिदीच्या दारात बेलीफ उभा. पैसे भर, नाहीतर अटक. तुझ्याबरोबर सगळी जमात बाहेर पडत होती. तू बेलिफाला बाजूला घेऊन मुदत मागितलीस आणि तसाच माझ्याकडे आलास. 

वकिलाने मार्ग सांगितला तो नादारीच्या अर्जाचा. तुझं जे काही आहे ते कोर्टाच्या हवाली करायचं. कोर्ट ते विकून सावकारांत वाटणार, आणि पुढे कोर्टाचा हुकूम झाला की उरलेल्या देण्यातून तू मोकळा. अटक टळेल, घरात बायकामुलांना झोप येईल. मला ते पटलं. तू विचारलंस, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक जे म्हणायचं ते आताही म्हणतायत. आपण तुझ्या घरी बसून बोलत होतो आणि खतिजाभाभी दाराआडून ऐकत होती. ती पुढे आली आणि तुला म्हणाली, "माका घर नको, गलबत नको. तुमी हयसर माझ्यासमोर बसलेले आसाक होये." शाई आधीच लागल्यासारखा तू अंगठा कितीतरी वेळ लुंगीला पुसत होतास. मग उठून वकिलाकडे गेलास.

तारखेला मी तुझ्याबरोबर रत्नागिरीला आलो. एसटीत तू खिडकीकडे बसलास आणि वाटेत एकही गजाल सांगितली नाहीस. कोर्टात कारकुनाने अर्ज वाचला. मग तुझ्यावर कोणाकोणाचं किती देणं आहे, ती नावं वाचली. वेंगुर्ल्याचा सावकार, नारळाचा व्यापारी, कौलांचा एजंट, राघोबा. मी माझ्या नावाची वाट बघत होतो. लाज नव्हती वाटत मला. उलट वाटत होतं, एकदा वाचून होऊ दे, मग ही गोष्ट आपल्यातून गेली. नावं संपली. माझं आलंच नाही.

जज्जसाहेबांनी चष्मा काढून तुझ्याकडे बघितलं. "याशिवाय आणखी कोणाचं देणं आहे?"

तू शपथ घेतलेली होतीस. तू म्हणालास, "नाही, साहेब."

परतीच्या एसटीत राजापूर आलं. मग राहवलं नाही. मी विचारलं, "माझा नाव कित्याक घातलंस नाय?"

"तुझा मी फेडतलंय."

"कोर्टात सांगलं आसतंस तर सगळ्यातसून सुटलं आसतंस. शपथ घेवन खोटा बोललंस."

"त्येचो जबाब मी वर देतलंय."

"पण कित्याक?"

तू खिडकीबाहेर बघत होतास. "त्या यादीत माझे सावकार आसत, सख्या. तू माझो सावकार नाय."

त्या क्षणी मला भरून आलं होतं, ते मी तुला दाखवलं नाही. इब्राहिम, तू मला दिलेला तो सगळ्यात मोठा मान होता, आणि त्यानेच सगळं बिघडलं. बाकी सगळ्यांचं देणं कोर्टाने पुसायला घेतलं. एकट्या माझंच तू मागे ठेवलंस, तेही स्वतःच्या जिभेवर. यादीतल्यांना टाळायचं आता तुला काही कारण नव्हतं. मालवणात एकच माणूस उरला होता ज्याच्यापुढे तुझी मान वर होत नव्हती, आणि तो मी.

कोर्टाने नेमलेल्या माणसाने गलबताचा लिलाव केला. ते घेतलं एका लाकूडवाल्याने, फोडून विकायला. सावकारांना रुपयातले काही आणे मिळाले. लिलावानंतर तू बाजारातून येत होतास, आणि राघोबाने भर पेठेत, माझ्या दुकानासमोर, तुझा सदरा धरला. "माझे हात सोलपाटले तुझे दोर वळताना," तो म्हणाला. "कोर्टान माफ केल्यान. मी खंय केलंय?" तू त्याचा हात सोडवला नाहीस. सदरा फाटला तरी तसाच उभा राहिलास. मी उतरून त्याला बाजूला केलं. राघोबा शिव्या देत होता आणि रडतही होता. त्याचं काही चुकलं नव्हतं, हे तुला कळत होतं. मलाही कळत होतं. मी म्हटलं, आत ये, पाणी पी. तू माझ्या दुकानाच्या उंबऱ्याकडे बघितलंस आणि घरी निघून गेलास. पुढच्या आठवड्यात बायकामुलांना घेऊन तू कणकवली गाठलीस, मला न सांगता.

तुझा धंदा ज्यांनी मारला त्या लॉरीवाल्यांच्याच गोदामात तुला काम मिळालं. माल उतरवून घ्यायचा, चढवून द्यायचा. बुधाजीही तुझ्यामागून तिथेच हमालीला आला. दर्या नसलेल्या गावात तुम्ही दोघं कसे राहत असाल, हे मला इथे बसून कळायचं नाही. एकदा माल आणायच्या निमित्ताने मी आलो. तू पोत्यांच्या आडून बाहेर आलास, केस पांढरे झालेले. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "या, बसा."

मी मागे वळून बघितलं. वाटलं, माझ्यामागून कोणी मोठा माणूस आलाय.

तू चहा मागवलास, कपाची बशी स्वतः पुसून दिलीस, घरी सगळे बरे आहेत ना म्हणून विचारलंस. शाळेत माझ्या डबीतला खाऊ न विचारता खाणारा तू, मला 'घ्या ना' म्हणत होतास. सावकाराशी बोलतात तसं बोललास माझ्याशी. मी चहा संपवला आणि उठलो. मालाचं काम राहूनच गेलं.

मग बुधाजी यायला लागला. लॉरीबरोबर मालवणात आला की दुकानात डोकवायचा, कमरेच्या पुडक्यातून तुझे पैसे काढून गादीवर ठेवायचा. नाखव्याने दिले, एवढंच सांगायचा. पहिल्या वेळी मी ते परत करणार होतो. हात पुढेही केला होता. पण मग डोक्यात आलं की पैसे परत पाठवले तर बुधाजीला दुकानात यायचं कारण उरणार नाही, आणि तुझी खुशाली मला कोण सांगेल? म्हणून घेतले. त्याला बसवून घ्यायचो, भाकरी खायला घालायचो आणि विचारत राहायचो. जेवतो का नीट? खोकला गेला का? हसतो का कधी? बुधाजी म्हणायचा, हसतो की, शेठ. कधी कधी पोरांना कालिकतच्या गजाली सांगतो. मला त्या पोरांचा हेवा वाटायचा.

महाराष्ट्र झाला, इथे गुलाल उधळला, माझ्या थोरलीचं लग्न झालं, दुकानाला नवा पत्रा पडला. प्रत्येक वेळी वाटायचं, हे इब्राहिमला सांगायला हवं. लग्नाची पत्रिका पाठवली होती. तू युसूफला पाठवलंस. तुझाच चेहरा घेऊन पोरगा पंगतीत बसला होता. मी त्याला वाढताना दोनदा चुकून तुझ्या नावाने हाक मारली.

आणि गेल्या मार्गशीर्षात तू स्वतः आलास. हातात काठी, अंगावर स्वच्छ सदरा. मी कापड मोजत होतो. उंबऱ्यात सावली पडली म्हणून वर बघितलं. तू कमरेचं पुडकं सोडलंस, पैसे माझ्यापुढे ठेवलेस आणि म्हणालास, "सख्या, झाले."

आणि मग उंबऱ्यावर बसलास.

त्या दुपारी मी दुकान मिटवून घेतलं. तू आमच्याकडे जेवलास. माझी बायको सारखी वाढत होती आणि डोळे पुसत होती, कांद्याचं नाव सांगत. जेवून आपण पडवीत आडवे झालो. मी तुला सांगितलं की तू गाढव आहेस. तू म्हणालास, हे मला खतिजा रोज सांगते. मग मी जे इतकी वर्षं मनात घोळवत होतो ते विचारलं. "पैशे इले. मधली वर्सां कोण देतलो?"

तू वर वाशांकडे बघत पडला होतास.  मग म्हणालास, "ती माझी पण गेली, सख्या."

  तुझं बरोबर होतं की माझं, हे आपण पुढच्या खेपेला ठरवणार होतो. रमजान संपला की तू येणार होतास, आपण एखादी होडी घेऊन तोंडवलीपर्यंत जाणार होतो. मी ओकलो तरी चालेल, असं मी कबूल केलं होतं.

गेल्या आठवड्यात बुधाजी आला तो लॉरी रस्त्यातच उभी करून आला. गोदामात तू पोत्यावर बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत आटोपलं होतं. तुला मालवणातच पुरायचं, असं भाभीने सांगितलं. त्याच लॉरीतून तुला आणलं होतं. बुधाजी मागे तुझ्याजवळ बसला होता, वाटेत हिसका बसू नये म्हणून तुला दोन्ही हातांनी धरून.

तुमच्यातली एक रीत मला ठाऊक नव्हती. नमाजाच्या आधी रांगा लागल्या. आम्ही हिंदू मंडळी कडेला दगडी गडग्याजवळ उभे होतो. युसूफ सगळ्यांच्या पुढे आला आणि त्याने तोंड लोकांकडे केलं. तो म्हणाला, "माझ्या बापाशीकडना कोणाचा काय येणां आसला तर ता माझ्याकडे मागा. नायतर अल्लासाठी तेंका माफ करा."

मी लोकांकडे बघितलं. यादीतले किती तरी आले होते. कोर्टाने त्यांचं येणं केव्हाच बंद केलं होतं, पण इथे कोर्ट नव्हतं. नारळाचा व्यापारी रांगेतून म्हणाला, माफ. कौलांच्या एजंटाचा भाऊ म्हणाला, माफ. मग माझ्या शेजारी हालचाल झाली. राघोबा. तोंडवलीहून चालत आला होता, पार वाकलेला. गडग्यावर हात टेकून तो म्हणाला, "माझे दोरांचे पैशे होते. माफ केलंय, झिला." युसूफने त्याच्यापुढे मान लववली.

मग युसूफने माझ्याकडे बघितलं. सगळेच बघायला लागले. तुझा सर्वांत जवळचा माणूस मी, काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी तोंड उघडलं. पण म्हणणार काय? त्या आवारात प्रत्येकाजवळ तुला शेवटचं द्यायला काहीतरी होतं. राघोबाजवळही होतं. माझ्याजवळ काहीच नव्हतं; माझं तू मार्गशीर्षातच पुरं फेडलं होतंस. मी नुसती मान हलवली. इमाम पुढे झाले, रांगा सरळ झाल्या.

थोडं तरी बाकी ठेवायचं होतंस, इब्राहिम.